राजौरीची वाट

बेळगावहून गोव्याकडे जाणारी सडक खानापूर आणि लोंढा मागे टाकून रामनगरला पोहोचते, तेव्हा प्रवाशाला अरण्याची पहिली खरी ओळख होते. येथून एक वाट तिनईघाट व अनमोड करीत मोल्याकडे उतरते. दुसरी जोयडा, कुंभारवाडा, अणशी अशी घाटमाथ्याने जाऊन कद्र्यापाशी काळी नदीच्या खोऱ्यात येते आणि शेवटी कारवारच्या किनाऱ्याला लागते. सुपे धरणाच्या पाण्याखाली घरेदारे गेलेल्या कित्येक कुटुंबांनी या बाजूला नव्याने संसार मांडले. घरात मराठी किंवा कोंकणी, कचेरीत कन्नड, आणि वर्षाचे चार महिने अखंड पाऊस, अशी येथील रीत. अशा मुलखात रस्ता बंद पडणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. आषाढातल्या एखाद्या रात्री मोठा वृक्ष आडवा होतो, दरड खाली येते, मोरी वाहून जाते, आणि पलीकडचा रोगी पलीकडेच राहतो, अलीकडचा डॉक्टर अलीकडेच. मग कोणीतरी कुऱ्हाड व पहार घेऊन पुढे होतो. त्या माणसाचे नाव सहसा कोठे नोंदले जात नाही.

याच उत्तर कन्नड जिल्ह्यातला एक माणूस १९४८ सालच्या एप्रिल महिन्यात असाच पुढे झाला. फरक इतकाच की, रस्ता जम्मू प्रांतातला होता, आडवे पडलेले वृक्ष शत्रूने मुद्दाम पाडलेले होते, त्यांच्या बुंध्यांभोवती सुरुंग पेरलेले होते, आणि कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या अंगावर मशीनगनचा मारा चालू होता. त्याचे नाव रामा राघोबा राणे. कारवारच्या दक्षिणेला चेंडिया म्हणून गाव आहे, तेथे २६ जून १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला.

राण्यांचे वडील पोलीस शिपाई होते. कारवार जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. १८६२ साली मद्रासकडून तो मुंबईकडे आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तेथेच राहिला. पोलिसाच्या नोकरीत बदल्या ठरलेल्या, त्यामुळे मुलाचे शिक्षण जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या गावी तुकड्यातुकड्यांनी झाले. मुलगा बारा वर्षांचा असताना १९३० चे आंदोलन पेटले. कारवार जिल्ह्यात त्याचा जोर विशेष होता. अंकोल्याचा मिठाचा सत्याग्रह सर्व कर्नाटकात गाजला आणि पुढे त्याच बाजूच्या शेतकऱ्यांनी साराबंदीही केली. अंकोला हे चेंडियापासून काही फार दूर नव्हे. पोलीस शिपायाचा मुलगा या चळवळीकडे ओढला जाऊ लागला, तेव्हा बापाच्या जिवाची घालमेल झाली असल्यास नवल नाही. ज्यांच्यावर लाठी उगारण्याचा हुकूम व्हायचा, त्यांच्यातच आपला मुलगा उभा दिसण्याची पाळी आली असती. त्यांनी बिऱ्हाड आवरले आणि मुलाला घेऊन ते आपल्या मूळ गावी, चेंडियाला आले.

पुढे दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, हाच मुलगा ब्रिटिश सरकारच्या सैन्यात दाखल झाला. ही विसंगती एकट्या राण्यांची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या घरात हिंदी माणसे सैन्यात गेली. त्यांपैकी कित्येकांच्या घरी चरखा असेल, कित्येकांचे भाऊबंद १९४२ साली तुरुंगात गेले असतील. पोटासाठी गेले म्हणावे तर त्यांच्या पराक्रमाचा उलगडा होत नाही. निष्ठेपोटी गेले म्हणावे तर ती निष्ठा नेमकी कोणावर, हा प्रश्न उरतोच. त्या काळच्या शिपायाची निष्ठा बहुधा पलटणीवर, शेजारच्या खाटेवरच्या सोबत्यावर आणि हाती घेतलेल्या कामावर असे. राण्यांच्या आयुष्याकडे पाहिले तर हे उत्तर पुष्कळसे खरे वाटते.

ते ज्या दलात गेले ते मुंबई सॅपर्सचे दल होय. आपल्याकडचे जुने लोक त्याला 'सफरमैना' म्हणत. 'सॅपर्स अँड मायनर्स' या नावाचे आपल्या जिभेने केलेले हे रूप. या दलाचा उगम १८२० च्या सुमाराचा आणि त्याचे ठाणे पुण्याजवळ खडकीला. पायदळाचा शिपाई लढतो, तोफखान्याचा मारा करतो. सफरमैना शिपायाने दोन्ही शिकायचे, आणि शिवाय पूल बांधायचा, पूल उडवायचा, पाणी काढायचे, रस्ता करायचा, सुरुंग पेरायचे व काढायचेही. सैन्य पुढे जात असेल तर त्याने सर्वांच्या पुढे असावे लागते. माघार घेत असेल तर सर्वांच्या मागे. लढाईच्या वर्णनांत त्याच्या वाट्याला दोन ओळी येतात. अल अलामेनच्या रणात १९४२ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाच्या नवव्या डिव्हिजनच्या पायदळाने जी कीर्ती मिळवली, ती यथार्थच आहे. पण त्या वाळवंटात जर्मनांनी पेरलेल्या सुरुंगांच्या रानातून गाड्यांना नि रणगाड्यांना वाटा पाडून दिल्या त्या सॅपरांनीच, आणि त्याही बहुतेक रात्रीच्या अंधारात.

खडकीच्या या दलाची एक परंपरा राणे भरती झाल्यावर काही महिन्यांतच जगापुढे आली. प्रेमिंद्रसिंह भगत नावाचा एक तरुण सेकंड लेफ्टनंट ॲबिसीनियाच्या मोहिमेत होता. १९४१ च्या जानेवारीअखेरीस त्याने इटालियन सैन्याचा पाठलाग करणाऱ्या तुकडीच्या अग्रभागी राहून चार दिवसांत पंचावन्न मैलांच्या पट्ट्यातील पंधरा सुरुंगक्षेत्रे शोधून मोकळी केली. दोनदा त्याची गाडी त्याच्याखाली उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी तो थांबला नाही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा मान मिळवणारा तो पहिला हिंदी अधिकारी. सात वर्षांनंतर याच दलातल्या दुसऱ्या एका सेकंड लेफ्टनंटाने, दुसऱ्या एका डोंगराळ रस्त्यावर, जवळजवळ हेच काम पुन्हा करावे हा योगायोग मोठा विलक्षण आहे. मात्र भगत होते लष्करी विद्यालयातून अधिकारी म्हणूनच बाहेर पडलेले. राणे साध्या शिपायाच्या पायरीवरून एकेक पायरी चढून वर आले.

शिक्षण पुरे होताना राणे यांची सर्वोत्कृष्ट रिक्रूट म्हणून निवड झाली आणि त्यांना कमांडंटची छडी बक्षीस मिळाली. ज्यांनी लष्करी छावणी पाहिली आहे त्यांना या छडीचे मोल ठाऊक असते. शिपायाच्या पेटीत ती कपड्यांखाली जपून ठेवलेली असते. लौकरच ते नाईक झाले आणि २८ व्या फील्ड कंपनीबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. ही कंपनी सव्विसाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती.

अराकान म्हणजे ब्रह्मदेशाची पश्चिम किनारपट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जंगलांनी भरलेल्या डोंगरांच्या रांगा, मध्ये खाड्या, चिखल आणि भातशेती. कारवारच्या माणसाला तो प्रदेश पाहून घरची आठवण झाली असेल. पण या खाड्यांतून जपानी गस्तीच्या नावा फिरत होत्या. डिव्हिजन मागे हटत असताना बुथिडांग येथे दारूगोळा व इतर महत्त्वाची सामग्री शत्रूच्या हाती लागू न देण्याची कामगिरी राण्यांच्या दोन सेक्शनांवर सोपवण्यात आली. सर्व सैन्य निघून गेल्यावर मागे थांबायचे, जे जे उपयोगी पडण्याजोगे ते उडवून द्यायचे, आणि नंतर रॉयल इंडियन नेव्हीच्या नौकांनी त्यांना उचलून न्यायचे, असा बेत होता. बेताचा पहिला भाग त्यांनी चोख पार पाडला. दुसरा भाग साधला नाही, नौकांना त्यांना उचलता आले नाही. मग जपान्यांचा पहारा असलेली नदी आपल्या बळावर ओलांडून हे लोक पायीच निघाले आणि बाजार नावाच्या ठिकाणी आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाले. या कामगिरीबद्दल राणे हवालदार झाले. वास्तविक एखाद्या स्वतंत्र कादंबरीला पुरेल असा हा प्रसंग. पण अधिकृत वृत्तांतात तो चार-दोन वाक्यांत संपतो. माघारीचा इतिहास लिहिण्याची हौस कोणत्याच सैन्याला फारशी नसते.

युद्ध संपले. ज्या सरकारची चाकरी धरली होती ते सरकार १९४७ च्या ऑगस्टात गेले आणि पलटणींचीही वाटणी झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस टोळीवाले काश्मीरच्या खोऱ्यात घुसले, महाराजांनी विलीनीकरणावर सही केली आणि २७ ऑक्टोबरला भारतीय सैन्य विमानाने श्रीनगरला उतरले. श्रीनगरच्या लढाईची कथा सर्वांना ठाऊक आहे. दक्षिणेकडे, जम्मूच्या पश्चिमेच्या डोंगरांत, काय चालले होते तिकडे मात्र लोकांचे लक्ष कमी गेले. नोव्हेंबरातच राजौरी शत्रूच्या हाती पडली. डिसेंबराच्या २४ तारखेला झांगर गेले. नौशेरा तेवढे तग धरून राहिले, आणि ६ फेब्रुवारी १९४८ रोजी तेथे झालेल्या मोठ्या लढाईत ब्रिगेडिअर महंमद उस्मान यांच्या ब्रिगेडने शत्रूचा हल्ला मोडून काढला. १८ मार्चला झांगर परत मिळाले. आता पुढचे लक्ष्य राजौरी.

या मधल्या काळात, १५ डिसेंबर १९४७ रोजी, रामा राघोबा राणे सेकंड लेफ्टनंट झाले होते. वय एकोणतीस. या हुद्द्यावर बहुधा विशी-बाविशीची मुले असतात. राण्यांच्या पाठीशी साडेसात वर्षांची शिपाईगिरी होती. ही गोष्ट पुढील चार दिवसांच्या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुरुंग काढण्याचे काम केवळ धाडसाने होत नाही. त्याला हाताची सवय लागते, आणि ती सवय पुस्तकात मिळत नाही.

नौशेऱ्याहून राजौरीला जाणारा रस्ता पुरातन आहे. मोगल बादशहा लाहोराहून काश्मीरला जात ते याच वाटेने: भिंबर, नौशेरा, चिंगस, राजौरी आणि मग पीर पंजालचा घाट. १६२७ साली काश्मीरहून परतताना जहांगीर बादशहा याच मार्गावर वारला. मृत्यूची बातमी लाहोरापर्यंत गुप्त ठेवण्यासाठी त्याची आतडी काढून चिंगसच्या सराईत पुरली, अशी तेथील परंपरागत समजूत आहे, आणि गावाचे नावही त्यावरूनच पडले म्हणतात. बादशहाच्या हत्ती-पालख्यांसाठी जो मार्ग पुरेसा होता, तो १९४८ साली रणगाड्यांना पुरेना. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला तावी नदीचे खोरे, आणि मध्ये सर्पासारखा वळसे घेत जाणारा अरुंद रस्ता. तो अडवण्यासाठी शत्रूने जे जे करता येण्याजोगे ते सर्व केले होते. चिडाची मोठमोठी झाडे पाडून आडवी टाकली होती, मोऱ्या उडवल्या होत्या, रस्त्याचे कठडे व भराव फोडले होते आणि जागोजागी सुरुंग पेरले होते. शिवाय प्रत्येक अडसरावर डोंगरातून मशीनगनची नजर होतीच.

घाई करण्याला कारण होते. राजौरीत अडकलेल्या लोकांवर अत्याचार चालू होते. सैन्य पोहोचण्यास जितके दिवस लागतील तितके बळी अधिक पडणार, हे नौशेऱ्याच्या छावणीत सर्वांना कळत होते. तेव्हा रस्ता मोकळा करणाऱ्याच्या हातातील प्रत्येक तासाला किंमत होती.

८ एप्रिल १९४८ रोजी चौथ्या डोग्रा पलटणीने बरवाली टेकडीच्या दिशेने चाल केली. पायदळाच्या मदतीला सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे जाणार होते, आणि रणगाड्यांच्या पुढे राण्यांची सुरुंग काढणारी तुकडी. ही तुकडी ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीची. सकाळी अकराच्या सुमारास, सव्विसाव्या मैलाच्या परिसरात, राणे आणि त्यांचे लोक रणगाड्यांच्या शेजारी काम सुरू करण्याची वाट पाहत असताना शत्रूच्या उखळी तोफांनी नेमका त्यांच्यावरच भडिमार केला. दोघे जागीच पडले. पाच जखमी झाले आणि त्या पाचांत स्वतः राणे होते.

कामाला हात लागण्यापूर्वीच ही अवस्था. अशा वेळी अधिकाऱ्याने उरलेल्यांना मागे नेऊन नव्या माणसांची मागणी केली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता. राण्यांनी जखमींची व्यवस्था लावली, उरलेल्यांची नवी जुळणी केली आणि काम सुरू केले. दिवसभर ते रणगाड्यांच्या आसपास गोळीबारात वावरत होते. साडेचारच्या सुमारास डोग्रांनी बरवाली टेकडी घेतली. पण परिसर अजून निर्धोक झाला नव्हता, आसपासच्या उतारांवर शत्रू होताच. तरी राणे आपल्या लोकांना घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांना जाण्यासाठी रस्त्याच्या बगलेने नवी वाट खणू लागले. शत्रूच्या डोळ्यांदेखत, त्याच्या मशीनगनच्या टप्प्यात, रात्री दहा वाजेपर्यंत हे खोदकाम चालू होते.

राण्यांच्या या मोहिमेतला एक प्रसंग सैन्यात अजून सांगितला जातो. रस्त्यावरील सुरुंगांतून रणगाडा पुढे न्यायचा होता आणि उघड्यावर तर गोळ्यांमुळे डोके वर काढण्याची सोय नव्हती. तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. पुढचे सुरुंग हाताने बाजूला करायचे, थोडे सरपटायचे, आणि रणगाडाही तेवढाच पुढे घ्यायला लावायचा. चालकाला खूण कळावी म्हणून दोन दोऱ्या बांधल्या होत्या. एक ओढली की पुढे, दुसरी ओढली की थांब. डोक्यावर कित्येक टनांचे यंत्र, त्याचे दोन पट्टे दोन बाजूंना, समोर मातीत दडलेला सुरुंग. दोरी ओढण्यात किंवा ती ओळखण्यात एका क्षणाची चूक झाली असती, तर पुढचा इतिहास लिहायला कोणी उरले नसते. ही युक्ती ऐकताना सोपी वाटते, आणि म्हणूनच ती अनुभवी हाताची आहे हे ओळखू येते.

९ एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा काम सुरू झाले. दुपारी तीन वाजता बगलरस्ता रणगाड्यांना पुरेसा झाला. तुकडी पुढे सरकली, तेव्हा राणे अगदी पुढच्या चिलखती गाडीत जाऊन बसले. अर्धा मैल गेल्यावर चिडाच्या झाडांचा पहिला अडसर लागला. खाली उतरून त्यांनी ती झाडे सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजून गेले. पुढे एक उडवलेली मोरी होती, आणि काम सुरू करण्यापूर्वीच शत्रूने गोळ्या झाडायला आरंभ केला. त्यांनी त्या माऱ्यातच मोरीच्या बाजूने वाट काढली. सवासहाच्या सुमारास उजेड मावळत असताना सर्वांत बिकट अडसर समोर आला. पाच प्रचंड चिडाची झाडे, त्यांच्याभोवती सुरुंग आणि त्यांवर रोखलेल्या मशीनगन. राण्यांनी सुरुंग काढायला सुरुवात केलीही होती. परंतु रणगाड्यांच्या कमांडरने परिस्थिती ओळखून तुकडीला रात्रीपुरते सुरक्षित जागी घेतले. हा निर्णय शहाणपणाचाच होता. शौर्याला कोणीतरी आवर घालावा लागतो, तो अधिकार वरिष्ठाचा.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे त्याच पाच झाडांपाशी परत आले. रणगाड्यांच्या एका लहान तुकडीचा आधार घेऊन, गोळीबार अंगावर घेत, साडेसहापर्यंत त्यांनी तो अडसर मोकळा केला. त्यापुढील हजार यार्ड म्हणजे अडसरांची आणि फोडलेल्या भरावांची नुसती मालिका होती. साडेदहाला तीही संपली. तेथून रणगाडे रस्ता सोडून तावीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले.

रणगाडे पोहोचले, म्हणजे एका अर्थी राण्यांचे काम झाले होते. पण रणगाड्यांना लागणारे तेल, पायदळाला लागणारे धान्य व दारूगोळा, जखमींना आणण्याच्या गाड्या यांना नदीच्या पात्रातून जाता येत नव्हते. त्यांना रस्ताच हवा होता. सैन्याचे टोक पुढे गेले आणि शेपूट मागे अडकले, तर टोकही फार काळ टिकत नाही. हे ज्याला कळते तोच खरा सॅपर. राणे रस्त्यावरच थांबले. अन्न नाही, विश्रांती नाही, अंगावरील जखम तशीच, अशा स्थितीत त्या रात्री नऊपर्यंत ते काम करीत होते. ११ एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा आरंभ केला, अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता गाड्यांना खुला झाला, आणि त्या रात्रीही दहापर्यंत ते त्यापुढचा रस्ता साफ करीत राहिले. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, भारतीय सैन्य राजौरीत शिरले. नगराची राखरांगोळी झालेली होती. पण जे जिवंत राहिले होते त्यांच्यापर्यंत मदत पोहोचली.

या चार दिवसांत राण्यांच्या हातून शत्रूचे किती लोक पडले, याचा आकडा कोठे दिलेला नाही. देण्यासारखा तो बहुधा नव्हताच. मानपत्रात आहेत ती वेळापत्रके: सहा ते तीन, पावणेपाच ते साडेसहा, सहा ते अकरा. जगातील शौर्यपदकांच्या मानपत्रांत असे हजेरीपटासारखे मानपत्र क्वचितच सापडेल. बंदुकीचा पराक्रम एका क्षणाचा असतो, त्याला आवेगाची साथ मिळते. येथे आवेग ओसरून गेल्यावर पुन्हा झोपेतून उठायचे होते, काल जेथे सोबती पडले तेथेच पुन्हा गुडघे टेकायचे होते, आणि हे एकदा नव्हे, ओळीने चार दिवस. कोणते धैर्य श्रेष्ठ, या वादात शिरण्याचे कारण नाही. दुसऱ्या प्रकारचे धैर्य गोष्टींत कमी येते, एवढे मात्र खरे.

२६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक स्थापन झाले, त्याच दिवशी परमवीर चक्राची स्थापना झाली. पदकाची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटलेली आहे. जन्माने त्या युरोपियन, पण विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या पूर्णपणे येथल्या झाल्या होत्या आणि संस्कृत व पुराणांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. कांस्याच्या त्या वर्तुळावर इंद्राचे वज्र चार वेळा कोरलेले आहे. वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचे, ही कथा त्यांनी त्यात आणली. काश्मीरच्या त्या पहिल्या युद्धासाठी पाच जणांना हे पदक मिळाले. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंह आणि कंपनी हवालदार मेजर पीरू सिंह यांना ते मरणोत्तर अर्पण करावे लागले. लान्स नाईक करम सिंह आणि सेकंड लेफ्टनंट राणे हे दोघेच ते आपल्या हातांनी स्वीकारण्यासाठी हयात होते.

राणे पुढे वीस वर्षे सैन्यात राहिले आणि १९६८ साली मेजरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यानंतरही काही वर्षे त्यांनी लष्कराच्याच सेवेत काढली. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांचे निधन झाले. वय शहात्तर. ज्या खडकीच्या ठाण्यात त्यांना छडी मिळाली होती, ते तेथून फार लांब नाही.

त्यांची स्मारके वेगवेगळ्या जागी झाली. भारतीय नौवहन महामंडळाने १९८४ साली आपल्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले, आणि ते जहाज पंचवीसेक वर्षे समुद्रावर फिरून कामातून निवृत्त झाले. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातील एकवीस बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे देण्यात आली, त्यांत एक बेट राण्यांचे आहे. कारवारला रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर ७ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचा पुतळा उभा राहिला. रामनगर-जोयड्याकडून घाट उतरून समुद्र पाहायला येणाऱ्या मुलांना तो दिसतो; शेजारी युद्धनौकेचे संग्रहालय असल्यामुळे पुष्कळ मुलांना हे नौदलातले कोणी असावेत असेही वाटते. राजौरीकडे, नौशेऱ्याहून चिंगसवरून जाणारा तो रस्ता आता जम्मू-पूंछ महामार्गाचा भाग आहे आणि त्यावरून दिवसभर ट्रक व प्रवासी गाड्या धावतात. ८ एप्रिलच्या सकाळी अकरा वाजता त्या रस्त्यावर जे दोन सॅपर पडले, त्यांचा उल्लेख राण्यांच्या मानपत्रात 'दोन माणसे' एवढाच आहे.